चौघीजणी, इतक्या वर्षांनी

आज आईकडे माळा आवरताना शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' हाती लागलं. पुठ्ठा सुटलेला, पहिल्या पानावर ताईच्या शाळकरी अक्षरात तिचं नाव. लुइझा मे अल्कॉटची मूळ कादंबरी १८६८ची, गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांतली. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फतकल मारून वाचत बसले.

गोष्टीतल्या चौघी बहिणींचे वडील वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी, आईच्या प्रवासाला पैसे हवेत, म्हणून त्यांच्यातली ज्यो आपले लांबसडक केस विकून पंचवीस डॉलर आणते. लहानपणी तिचं धाडस भारी आवडायचं. आज थांबले ते पुढे, रात्री ती त्या केसांसाठी गुपचूप रडते तिथे. आपल्या माणसांसाठी मनापासून दिलेल्या गोष्टीचंही दुःख होतं. म्हणून ते देणं काही कमी होत नाही.

एकदम आईच्या पाटल्या आठवल्या. माझ्या होस्टेलच्या फीसाठी मोडलेल्या. त्यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो. खाली येऊन विचारलं, "आई, तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का गं?"

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "वाटलं की. माझ्या आईच्या होत्या त्या."

मग कितीतरी वेळ ती आजीबद्दल सांगत राहिली. मी ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून आईसमोर ठेवला.