कॉइल बदलण्याआधी दोष कॉइलचाच आहे का, हे पाहावे

आमच्या घरच्या मिनीव्हॅनचे इंजिन गाडी उभी असताना थरथरू लागले, चढावर पिकअप मिळेनासा झाला आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला. हा दिवा नुसता लागून राहिला, तर गाडी सवडीने तपासता येते. पण तो उघडझाप करत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही आणि ते न जळताच एक्झॉस्टमध्ये जात आहे, असे समजावे. हे पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटते, कन्व्हर्टर अतोनात तापतो आणि आतून वितळू शकतो. कन्व्हर्टर इग्निशन कॉइलच्या (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाच्या) कित्येक पट महाग असल्यामुळे अशा अवस्थेत मिसिंग करणारी गाडी ‘चालते आहे तोवर चालू द्या’ म्हणत दामटणे मला मुळीच पटत नाही.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०३०४ हा कोड आला, म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. येथेच पुष्कळ लोक नवी कॉइल मागवून मोकळे होतात. वास्तविक हा कोड मिसफायर कोठे होतो एवढेच सांगतो, का होतो ते सांगत नाही. झिजलेला स्पार्क प्लग, तुंबलेला इंजेक्टर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी कशामुळेही तोच कोड येऊ शकतो. पी०३५४ आला असता, तर संशय थेट चौथ्या कॉइलवर किंवा तिच्या वायरिंगवर गेला असता. खात्री करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर आणि तिथली कॉइल इकडे बसवून, कोड पुसून इंजिन पुन्हा चालवणे. मी चौथ्या आणि सहाव्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलल्या, तेव्हा कोड पी०३०६ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

मल्टिमीटरने रोध मोजूनही तपासता येते, परंतु त्यावर माझा फारसा भरवसा नाही. कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतला प्रवाह अचानक तोडला, की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत हजारो व्होल्ट निर्माण होतात. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २०,००० ते ४०,००० व्होल्टपर्यंतची ही उडी आहे. आतले इन्सुलेशन थोडे तडकले, तरी ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता जवळच्या धातूकडे निसटते, आणि हा बिघाड बहुधा इंजिन तापल्यावरच दिसतो. टेबलावर ठेवलेल्या थंड कॉइलचा रोध मात्र अगदी बरोबर येऊ शकतो. शिवाय तीन किंवा चार तारांच्या अनेक कॉइलमध्ये इग्नायटर (प्रवाह जोडणारे-तोडणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) आतच असल्यामुळे त्यांच्यावर हे मोजमाप निरर्थक ठरते.

कॉइल का गेली, हा प्रश्न मला बदलण्याच्या कामापेक्षा महत्त्वाचा वाटतो. प्लगची टोके झिजून गॅप वाढली, की ठिणगी पाडायला अधिक व्होल्टेज लागते आणि तो ताण कॉइलच्या इन्सुलेशनवर येतो. म्हणून जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणे म्हणजे निम्मेच काम करणे होय. दुसरे कारण तेलगळती. टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) सील गळत असेल, तर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल खळग्यात बसतो तिथे, तेल साचते आणि कॉइलचे प्लगवर बसणारे रबरी बूट फुगून मऊ पडते. विहिरीत तेल दिसले, तर आधी सील बदलावे.

मिनीव्हॅनमध्ये व्ही-६ इंजिन (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगांचे) सहसा आडवे बसवलेले असते, म्हणून सिलिंडर पुढचा की मागचा यावर सारी मेहनत अवलंबून असते. टोयोटाच्या अशा इंजिनात १, ३, ५ मागे आणि २, ४, ६ पुढे असतात, तर होंडाच्या इंजिनात १, २, ३ मागे आणि ४, ५, ६ पुढे. पुढच्या रांगेपर्यंत हात सहज पोहोचतो. मागच्या रांगेसाठी मात्र अनेक गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा) वरचा भाग काढावा लागतो. तो काढलाच, तर मागचे सर्व प्लग आणि मॅनिफोल्डची गॅस्केट त्याच वेळी बदलावी. सगळ्या कॉइल एकदम बदलाव्यात, असे म्हणणारेही आहेत. मी मात्र चालू असलेल्या कॉइलला हात लावत नाही.

प्रत्यक्ष काम छोटे आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढली, कॉइलच्या तारांच्या कपलरची (जोडाची) खिट्टी दाबून कपलर सोडवला (उष्णतेने ही खिट्टी ठिसूळ होते, म्हणून ओढाताण करू नये), बोल्ट काढला आणि कॉइल किंचित डावी-उजवीकडे फिरवत वर ओढली. प्लग काढण्यापूर्वी विहिरीतली धूळ हवेच्या झोताने उडवणे आवश्यक आहे, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवावा, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर दुरुस्ती फार अवघड होते; शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे करावी. बुटाच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला आणि ‘टिक्’ असा आवाज येईपर्यंत कपलर दाबला.

कोड पुसल्यावर इंजिन एकसारखे चालू लागले. प्रदूषण तपासणी जवळ आली असेल, तर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोड पुसताना संगणकाच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते, आणि त्या पुन्हा पूर्ण होण्यासाठी गाडी काही दिवस शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर अशी दोन्हीकडे चालवावी लागते.