अंडी कुठे? खानापूर–कणकुंबी पट्ट्यातली बेडूक-नोंद, मृग ते आश्लेषा

यंदाची वही जातींच्या नावांनी नव्हे, अंड्यांच्या जागेनुसार आखली आहे. जगात बेडकांच्या साडेसात हजारांहून जास्त जाती आहेत. त्या नुसत्या रंगावरून बघत गेलं की फोटो साठतात, समज तिथंच राहते. ‘अंडी कुठे’ आणि ‘बेडूकमासा कुठे वाढतो’ असे दोन रकाने ठेवले की आफ्रिकेतलं किंवा पोर्तो रिकोतलं उदाहरण बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या रानातल्या नोंदीशेजारी आपोआप येऊन बसतं.

मृग. साचलेलं पाणी.

धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेल्या, शेतात पहिलं पाणी तुंबलं की मोठा बेडूक, म्हणजे होप्लोबॅट्राकस टायगरिनस, बाहेर पडतो. नर पिवळेधमक, जबड्याखाली दोन निळे फुगे. हा सोहळा एक-दोन रात्रींत आटोपतो, म्हणून हेडलॅम्प आणि रेकॉर्डर मे महिन्यातच तयार लागतात. याचे बेडूकमासे मांसाहारी. निरीक्षणासाठी बरणीत दुसऱ्या जातीच्या पिल्लांसोबत ठेवले तर सकाळी एकच जात उरते. याच बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली.

शेजारच्या डबक्यातली बाकीची अंडी दिसण्यावरून ओळखता येतात. जेलीच्या लांब दोऱ्यात ओवलेले काळे मणी असतील तर भेक (टोड). पाण्यावर एकाच थराचा पातळ तवंग असेल तर बहुधा मायक्रोहायला. त्याचे बेडूकमासे जवळजवळ पारदर्शक असतात, ते पांढऱ्या ताटलीपेक्षा काळ्या ताटलीवर चांगले दिसतात. नवख्यांची गल्लत होते ती यूफ्लिक्टिस आणि मिनर्वार्यात. डोळे डोक्यावर वर आलेले, पाण्यावर तरंगत बसलेला, मागच्या पायांना बोटांच्या टोकांपर्यंत पडदा असेल तर यूफ्लिक्टिस. बांधावर बसलेला, पाठीवर सुरकुत्या आणि पडदा अपुरा असेल तर मिनर्वार्या. पायाचा फोटो नसेल तर जातीचं नाव लिहू नये, रकाना कोरा ठेवावा.

आर्द्रा. फेसाची घरटी.

मलबारी उडता बेडूक, ऱ्हाकोफोरस मलबारिकस, या पट्ट्याचा लाडका आहे, आणि त्याचं कौतुक उडण्यासाठीच जास्त होतं. खरी गंमत घरट्यात आहे. मादी स्राव सोडते, मागच्या पायांनी तो घुसळून फेस होतो आणि पाण्यावर झुकलेल्या फांदीची पानं त्यात चिकटून पुडी बनते. वरचा थर वाळतो, आत ओल टिकते. साधारण आठवड्याभरात बेडूकमासे खाली पाण्यात टपकतात.

बिघडतं ते खालचं पाणी. रस्त्याकडेच्या चरावर बांधलेलं घरटं सुरुवातीला छान दिसतं. पावसाने चार-पाच दिवस दडी मारली की चर आटतो आणि पिल्लं चिखलात पडतात. म्हणून प्रत्येक घरट्यासोबत तीन आकडे लिहावेत: पाण्यापासून उंची, खालच्या पाण्याची खोली, आणि ते पाणी वाहतं की साचलेलं. उंचीसाठी दर 10 सेंटीमीटरला खूण केलेली वेताची काठी पुरते. खुणेचा दोरा घरट्याच्या फांदीला बांधू नये, शेजारच्या झाडाला बांधावा. फेरी तिसऱ्या दिवशी. रोज गेलं की काठाचं गवत तुडवलं जातं आणि पायवाट पडते.

गावातल्या सिमेंटच्या टाकीच्या कडेला दिसणारा फेस मात्र बहुतेक वेळा पॉलिपेडेटस मॅक्युलॅटसचा, न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा तोच. आफ्रिकेच्या कोरड्या सव्हानात कायरोमँटिस झेरॅम्पेलिना हीच युक्ती वापरतो. तिथं एका मादीभोवती अनेक नर मिळून फेस घुसळतात. हवा कोरडी, पाण्याचा भरवसा कमी, पण उपाय तोच.

पुनर्वसू–पुष्य. पाण्याशिवाय.

रोप लावण, म्हणजे आपली नट्टी, जोरात असते तेव्हा शेतातला गोंगाट उतरतो आणि झुडपांतली टिकटिक वर येते. राओर्चेस्टेस आणि स्यूडोफायलॉटस हे झुडपी बेडकांचे दोन वंश, म्हणजे जवळच्या जातींचे गट. अंडी थोडी पण मोठी, ओल्या पाल्यात किंवा पानावर; बेडूकमाशाची पायरी अंड्याच्या आतच पार पडते आणि बाहेर येतो तो इवलासा बेडूक. राओर्चेस्टेस बॉम्बेएन्सिसचं वर्णन 1919 मध्ये अ‍ॅनंडेल यांनी केलं, आणि ज्या नमुन्यांवरून केलं ते मुंबईचे नव्हेत, लोंढ्यापलीकडच्या कॅसलरॉकचे. पोर्तो रिकोचा कोकी बेडूकही याच पद्धतीचा, पण तो अगदी वेगळ्या घराण्यातला. दोघांनी ही वाट स्वतंत्रपणे शोधली.

या गटात डोळ्यापेक्षा कान महत्त्वाचा. रंग एकाच जातीत इतके बदलतात की फोटोवरून दिलेलं नाव बहुतेक वेळा खोडावं लागतं. रेकॉर्डिंग असं करावं:

फोनचं साधं अ‍ॅप वापरू नये. ते आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतं आणि टिकटिकीतलं अंतर मोजताना घोळ होतो. डब्ल्यूएव्ही फाइल, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, गेन (माइकची आवाज-पातळी) हाताने ठरवलेला. माइक बेडकापासून सुमारे एक मीटरवर. दिवा बंद करून दोन मिनिटं थांबावं, मग सलग तीन मिनिटं नोंद. शेवटी फाइलमध्येच तारीख, वेळ, तापमान बोलून ठेवावं, कारण तापमान घसरलं की टिकटिक संथ होते आणि आकड्याविना दोन रात्रींची तुलना होत नाही. रातकिड्यांचा पट्टा स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या चित्रात) सहसा वर दिसतो, बेडकांचा बहुतेक आवाज 5 किलोहर्ट्झच्या खाली असतो. पानांवरून टपकणारं पाणी मात्र सगळ्या पट्ट्यात उभ्या रेघा मारतं, त्यावर कुठलाही फिल्टर चालत नाही. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जाणं हाच उपाय.

झुडपात हात घालण्याआधी दिवा मारावा. ज्या उंचीवर हे बेडूक बसतात त्याच उंचीवर चापडा हा विषारी सापही बसतो.

ओहळ आणि कातळ.

निक्टिबॅट्राकस हुमायूनी ओहळावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो; पिल्लं सुटली की थेट प्रवाहात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले काचबेडूकही असंच करतात. इंदिराना त्याहून तऱ्हेवाईक: त्याचे लांब शेपटीचे बेडूकमासे पाणी झिरपणाऱ्या कातळावर चिकटून राहतात, खोल पाणी त्यांना नकोच. ते रात्री, दिवा तिरपा धरून शोधावेत. सरळ उजेडात ओला खडक नुसता चकाकतो. आंबोलीतून 2014 मध्ये वर्णन झालेला इंदिराना चिरावासी नावाप्रमाणे जांभ्या चिऱ्याच्या फटींतला.

आंबोलीचा भेक, झँथोफ्रिन टायगरिना, 2009 चा. बेळगावहून जेमतेम 70 किलोमीटरवर, आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, उथळ पाण्यात अंडी घालणारा. तिथं पाऊल टाकण्याआधी पाण्याकडे बघावं. दोन बोटं खोल पाण्यातही अंडी असतात. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्रीची फेरी नको, आणि बेडूक हातात धरणं कुठेच नको. आकारासाठी शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा.

बूट दोन जोड ठेवावेत, एक शेताचा, एक ओहळाचा. बेडकांच्या कातडीला रोग लावणारी कायट्रिड बुरशी ओल्या बुटांवरून एका पाण्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. तिच्यामुळे जगभरात किमान 501 उभयचर जाती घटल्या आणि 90 बहुधा नामशेष झाल्या, असा 2019 चा आढावा सांगतो. ही बुरशी कडक वाळवल्याने मरते. चिखल ब्रशने काढून बूट वाळवणं हे जूनमध्ये बोलायला सोपं; चुलीशेजारी किंवा पंख्याखाली रात्रभर ठेवावे लागतात, आणि आत कागद कोंबला तरी टाच ओलीच राहते. म्हणून दुसरा जोड.

एक रकाना या पट्ट्यात कोराच आहे: पिल्लं आईबापाच्या अंगावर. चिलीतला डार्विनचा बेडूक पिल्लं स्वरकोशात वाढवतो, दक्षिण अमेरिकेतली पिपा पिपा पाठीच्या कातडीत. पोटात पिल्लं वाढवणारा ऑस्ट्रेलियाचा ऱ्हिओबॅट्राकस 1980 च्या दशकात संपला.

मघा नक्षत्रात ओहळांचा जोर उतरला की पाय हलवून खूण करणाऱ्या मायक्रिक्झॅलसचा शोध. त्यासाठी दिवसाची फेरी, दुर्बीण, आणि धबधब्यापुढे बिनकामाचा ठरणारा रेकॉर्डर घरी.