पॅक-मॅन वळेना, म्हणून यंत्रच वळवलं

हातात मावणारं एम्युलेशनचं यंत्र, म्हणजे जुन्या आर्केड मशिनची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारं, घेतलं तेव्हा वाटलं होतं, मेमरी कार्ड घालायचं आणि खेळत सुटायचं. साडेतीन इंची स्क्रीन, ६४० बाय ४८० पिक्सेल, डाव्या अंगठ्याखाली डी-पॅड, म्हणजे दिशांची बटणं. सोबतच्या कार्डात हजारो गेम कोंबलेले होते. कुणाच्या परवानगीने, काही पत्ता नाही. गेम जुना झाला म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत. ते कार्ड काढून ठेवलं, नव्या कार्डावर सिस्टिम चढवली आणि आधी १९८१ चा ‘रॉबी रोटो’ लावला. तो हक्कदारांनीच बिगर-व्यावसायिक वापरासाठी खुला केलाय, मेम या आर्केड मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या (एम्युलेटरच्या) साइटवर मिळतो. चालला.

मग पॅक-मॅन. काळी स्क्रीन, आणि परत मेनू.

दोन संध्याकाळी यात गेल्या. चूक माझी होती. ‘pacman’ नावाची झिप पूर्ण गेमची असेल असं मी धरून चाललो होतो. पण नाम्कोने १९८० मध्ये जपानात हा गेम ‘पक-मॅन’ म्हणून आणला. अमेरिकेतली आवृत्ती नंतरची. मेमच्या हिशेबात जपानी आवृत्ती मूळ आणि अमेरिकी तिची क्लोन, म्हणजे थोडा फरक असलेली प्रत. मूळ मशिनमधल्या प्रत्येक चिपची एक फाइल असते; माझा फाइलींचा संच ‘स्प्लिट’ प्रकारचा, म्हणजे क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या चिपच्या फाइल्स. रंगांच्या आणि आवाजाच्या चिप मूळच्या झिपमध्ये. दोन्ही झिप शेजारी ठेवल्या आणि गेम सुरू झाला. (झिप उघडून पाहण्यात मजा आहे: फाइलच्या नावातलं ६ई, ६एफ म्हणजे ती चिप बोर्डावर जिथे बसायची ती जागा.)

सिलेक्ट दाबलं की नाणं पडतं, स्टार्ट दाबलं की खेळ. पण खेळ म्हणावा असं काही होईना. कोपऱ्यावर वर दाबावं तर हा सरळ पुढे, थेट ब्लिंकी या लाल भुताच्या तोंडात. मला वाटलं, वय झालं. तसं नव्हतं. मूळ मशिनवरची जॉयस्टिक चारच दिशांची. माझा डी-पॅड तिरकंही पकडतो. अंगठा जरा घसरला की ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ एकदम जातात आणि वळण हुकतं. पॅक-मॅनमध्ये तर सगळा जीव वळणातच आहे, कारण वळणाच्या किंचित आधी दिशा दाबली तर तो कोपरा कापतो आणि भुतं तेवढी मागे पडतात. कोअरच्या (यंत्रात गेम चालवणाऱ्या एम्युलेटरच्या) ऑप्शनमध्ये चार दिशांच्या जॉयस्टिकची नक्कल करायची सोय सापडली. ती चालू केल्यावर पहिल्याच डावात फरक कळला.

राहिली स्क्रीन. मूळ मॉनिटर उभा, २२४ बाय २८८ पिक्सेलचा. माझ्या आडव्या स्क्रीनवर २८८ ओळी ४८० मध्ये ताणल्या की पट येते १.६७, म्हणून काही ठिपके जाडे, काही बारीक. २४० ठिपके वेचायचे आणि ते असे ओबडधोबड! मग यंत्रच उभं धरलं. आता दुप्पट आकार नेमका बसतो: ४४८ बाय ५७६, कडेला बारीकशी काळी चौकट. चित्र असं कोरीव दिसलं की खेळायचं सोडून नुसता डेमो बघत बसलो.

डावी बाजू खाली येईल असं धरल्यामुळे डी-पॅड स्क्रीनच्या खाली आला, पण दिशा फिरल्या. जुनं ‘उजवं’ बटण आता वर, ‘वरचं’ डावीकडे. या गेमपुरता नकाशा बदलून सेव्ह केला. ‘गॅलागा’ हा गोळ्या झाडायचा गेम मात्र असा जमला नाही. फायरचं बटण पार वरच्या टोकाला जातं आणि हात आखडतो. तो आडवाच खेळतो, जाडे-बारीक पिक्सेल सोसून.

सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ मध्येच साठवून तिथे परत जायची सोय, मी बंद ठेवलंय. भुताने पकडलं की दोन सेकंद मागे जाता येत असेल तर भुताला घाबरायचं कशाला? नाणी फुकट आहेत, म्हणून स्वतःवरच मर्यादा घातली: एका बैठकीला तीन. काल तिसऱ्या नाण्यावर पाचव्या लेव्हलला पोचलो, सफरचंद दिसलं, आणि ते खायला वळलो तर क्लाइड, दुसरं एक भूत, वाट बघत उभा.