बायबरी, 1:76 : छप्पर आटोपलं, आता पाणी

आर्लिंग्टन रोचं छप्पर एकदाचं हातावेगळं झालं. नव्या मंडळींसाठी: इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्समधल्या, कोल्न नदीकाठच्या बायबरी गावाचं मॉडेल करतोय, 4 मिमीला एक फूट या मापाने. आर्लिंग्टन रो ही तिथली घरांची रांग. ती 1380च्या सुमाराला मठाचं लोकरीचं कोठार म्हणून उभी राहिली. सतराव्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं आली. छपराची रेघ सरळ नाही, खिडक्या एका ओळीत नाहीत. पट्टी लावून कापलंत तर मजा गेली.

छपरावर चुनखडी दगडाच्याच चिपा असतात. वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या. यामुळे खाणीतून निघालेला लहानमोठा सगळा माल खपतो आणि जड चिपांचा भार भिंतीलगत राहतो. मी माउंटबोर्डच्या (जाड पुठ्ठ्याच्या) पट्ट्यांना कटरने कमीजास्त अंतरावर चिरा दिल्या आणि त्या खालून वर चिकटवत गेलो: वळचणीला 5 मिमी दिसेल अशी पट्टी, आढ्याशी जेमतेम दीड. सगळ्या ओळी एका मापाच्या ठेवल्या की घर थेट मंगलोरी कौलांचं वाटू लागतं. रंगात पिवळ्याचा हात आखडता ठेवलाय. फोटोंतला मधाळ रंग बराचसा उन्हाचा असतो. दगडात राखाडी भरपूर आहे.

माझा खरा जीव मात्र समोरच्या रॅक आयल या दलदलीच्या तुकड्यावर. विणलेलं कापड आर्लिंग्टन मिलमध्ये जायचं. अशा गिरण्यांत पाण्याच्या चाकावरचे लाकडी हातोडे ओलं कापड कुटून घट्ट करत. लोकरीचं तेल काढायला मुलतानी मातीच्या जातीची माती लागे. मग ते कापड या तुकड्यावर लाकडी चौकटींवर वाळत पडे. आज तिथे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने राखलेलं पाणथळ गवत आहे, चौकटी नाहीत. माझ्या मॉडेलमध्ये असतील. चौकटींशिवाय हे गाव नुसतं कॅलेंडरवरचं चित्र होतं, आणि कवी व डिझायनर विल्यम मॉरिसने इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव म्हटल्यापासून तशी चित्रं काय कमी निघालीत!

कोल्न उथळ आणि नितळ, झऱ्यांवर पोसलेली, ट्राउट माशांची नदी. तेव्हा पाण्यासाठी ओतायच्या पारदर्शक रेझिनमध्ये निळा थेंबही नको. तळाला चाळलेली वाळू, प्रवाहाच्या दिशेने विंचरलेलं हिरवं शेवाळ, वर 2-2 मिमीचे थर.

अडलंय ते कापडापाशी. मलमलीचा धागा या मापाला फार जाड दिसतो, आणि टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवला की चौकटीवर ताणताना फाटतो. कुणी काही वेगळं वापरलंय का?