२६, अलीपूर रोड: पडद्यांवरून उलगडणारं संविधान

दिल्लीला जाणारे आपले लोक इंडिया गेट, लाल किल्ला करून परततात. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारकाकडे फार थोडे वळतात, याची मला खरंच हळहळ वाटते. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचं निधन झालं. जुनं घर आता नाही. त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत आहे. पुस्तक अर्थातच संविधान. एप्रिल २०१८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

आत बराचसा इतिहास पडद्यांवर आणि आवाजातून समोर येतो. या पद्धतीबद्दल माझ्या मनात शंका होती, ती एका आजींमुळे फिटली. नात त्यांच्या कानाशी लागून मराठीत समजावत होती आणि आजी मध्येच थांबवून विचारत होत्या, "मग बाकीचे सहा जण काय करत होते?" संविधानाच्या मसुदा समितीत बाबासाहेबांसह सात सदस्य होते, त्यावरून हा प्रश्न. नेमका हाच मुद्दा संविधान सभेचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभेत मांडला होता: कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी परदेशी, कुणी तब्येतीमुळे दूर, शेवटी भार बाबासाहेबांवर पडला. जाडजूड ग्रंथ कधीच हाती न घेणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडावा, यासाठीच तर हा सगळा खटाटोप करायचा.

मात्र पडदा पुढे सरकतो, वाद मागे राहतो. संविधान सभेत मसुद्यावर २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांमागची खडाजंगी दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितीत मावणार कशी? म्हणून जाण्याआधी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचाच. संविधान सभेच्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या भाषणात सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना त्यांनी मोकळेपणानं श्रेय दिलं आहे. ते वाचून गेलात तर दालनांत काय शोधायचं ते कळतं.

मेट्रोच्या यलो लाइनवर सिव्हिल लाइन्सला उतरा, तिथून रिक्षा करा. दिल्लीतली बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला गर्दी असते. वंदन करायला ते दिवस चांगले, निवांत पाहायला नाहीत. मुलं बरोबर असतील तर सकाळीच पोहोचा आणि त्यांना घाई करू नका. वयस्कर माणसांना ऐकताना बसायला लागतं, तो वेळही धरा. अर्धा दिवस सहज जातो.

वेळ उरलाच तर त्याच यलो लाइननं, गाडी न बदलता, सेंट्रल सेक्रेटरिएटला जाता येतं. तिथून जवळच जुनं संसद भवन आहे, ज्याला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात. आत जायला परवानगी लागते, पण ज्या इमारतीत या चर्चा झाल्या ती बाहेरून तरी बघून या.