नागपूरची गच्ची, तापास आणि सोबत कोणती वाइन

होळीच्या आधीच्या शनिवारी आमच्या गच्चीवर आठ जण जमलो होतो आणि मी तापास केले होते, म्हणजे स्पेनमध्ये वाइनसोबत त्या छोट्या छोट्या प्लेट्स येतात ना, तसं सगळं. तेव्हापासून तिघींचे मेसेज आले की रेसिपी राहू दे, वाइन कोणती होती ते सांग. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच लिहिते, कारण मला यावर बरंच बोलायचंय आणि हे सगळं कळायला मला दोन वर्षं आणि काही वाया गेलेल्या बाटल्या लागल्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट. स्पॅनिश वाइन म्हटलं की सगळे रियोहाच्या, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या त्या प्रसिद्ध भागातल्या, रेडवर उडी मारतात. मीही मारली होती. रियोहा उत्तम असते, पण स्पेन काही एक गाव नाहीये, वरचा भाग हिरवा आणि पावसाचा, मध्ये कोरडं पठार आणि खाली अंदालुसिया, जिथे उन्हाळ्यात नागपूरसारखंच भाजतं. नागपूरकराने वाइन निवडताना त्या खालच्या भागाकडे बघावं असं माझं ठाम मत झालंय.

मत झालं ते अंदालुसियातल्याच सेव्हिलमध्ये. जून महिना होता, दुपारी चाळीसच्या वर पारा, आणि रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं. ती कडू संत्री, तशी खायची नसतात, मुरंब्याला जातात, पण झाडं बघून मला एकदम काटोल रोडला निघाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी आम्ही नदीपलीकडच्या त्रियाना भागात एका जुन्या बारमध्ये शिरलो, बसायला जागा नाही, सगळे काउंटरला टेकून उभे, आणि वेटर हिशेब खडूने सरळ लाकडी काउंटरवर लिहीत होता. आम्ही मोठ्या हौसेने रेड मागवली. आणि मग आजूबाजूला बघितलं तर आजोबा लोकांपासून ऑफिसातून सुटलेल्या पोरींपर्यंत बहुतेकांच्या हातात छोटासा ग्लास, त्यात फिकट गवताच्या रंगाचं काहीतरी, इतकं गार की काचेवर थेंब जमलेले, आणि समोर ऑलिव्ह, हामोनचे (खारवून मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे) पातळ काप, तळलेले मासे. दुसऱ्या राउंडला आम्हीही तेच मागितलं. ती फिनो होती.

फिनो म्हणजे शेरीच, पण आपल्याकडे शेरी म्हटलं की गोड, औषधासारखं, केकमध्ये घालायचं काहीतरी असं डोक्यात असतं, तसं अजिबात नाही, ही अगदी कोरडी असते, गोडाचा लवलेश नाही. बनते हेरेस आणि आजूबाजूच्या गावांत, पालोमिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून. वाइन तयार झाली की थोडा ब्रँडीसारखा अर्क घालून तिचं अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत नेतात आणि पिंपं पूर्ण न भरता वर जागा ठेवतात. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टचा थर धरतो, दुधावर साय धरते तसा, त्याला फ्लोर म्हणतात. हा थर खालच्या वाइनला हवा लागू देत नाही आणि आतली सगळी स्निग्धता खाऊन टाकतो, म्हणून ती इतकी हलकी, कडक आणि भिजवलेल्या बदामासारखी लागते. हेच समुद्राकाठच्या सानलुकार गावात मुरवलं की त्याला मान्झानिया म्हणतात, तिथे दमट हवेमुळे थर जाड राहतो, आणि चव किंचित खारट वाटते.

आणि मुरवायची पद्धत तर आपल्या विरजणासारखी! पिंपांच्या रांगा एकावर एक, बाटलीत भरायची वाइन सगळ्यात खालच्या रांगेतून काढायची पण पूर्ण नाही, थोडीच, मग खालच्यात वरच्या रांगेतली घालायची, वरच्यात तिच्या वरची, सगळ्यात वर नवीन. म्हणजे प्रत्येक बाटलीत जुन्याचा अंश असतोच. आजीचं विरजण आईकडे, आईचं माझ्याकडे, तसंच. म्हणून फिनोच्या बाटलीवर साधारणपणे द्राक्षाचं साल लिहिलेलं नसतं, लिहिणार कुठलं?

आता प्रॉब्लेम असा की नागपुरात फिनो मला आजवर एकाही दुकानात दिसली नाही. माझ्याकडे होती ती मावसभावाने माद्रिदहून आणलेली एक बाटली. आठ जणांत एक बाटली म्हणजे प्रत्येकाला जेमतेम चवीपुरती. म्हणून मी डोकं लावलं ते असं, की फिनोमध्ये नेमकं काय आहे जे तापाससोबत जमतं? गार, कोरडी, तोंड साफ करणारी, ओकच्या लाकडी पिंपाचा जड वास नाही, तोंड आवळणारा तुरटपणा नाही. हे गुण ज्या वाइनमध्ये असतील ती चालेल. आणि तशा वाइन आपल्याच नाशिकला होतात.

पहिला नंबर स्पार्कलिंगचा, ब्रुट (म्हणजे कोरडी) लिहिलेली. खरं तर मला एकच वाइन निवडायला सांगितली तर मी डोळे मिटून ही घेईन. स्पेनमध्ये कावा असते, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणलेली, बहुतेक कातालोनियाकडची. आपल्याकडे सुला ब्रुट त्याच पद्धतीने होते आणि शँडॉनची ब्रुट तर दिंडोरीला बनते. मी दोन बाटल्या घेतल्या होत्या. तापासमध्ये तळलेलं आणि तेलातलं खूप असतं, माझ्याकडे क्रोकेता होते (आत घट्ट व्हाइट सॉस आणि चिकन, बाहेरून कुरकुरीत) आणि तोर्तिया, म्हणजे बटाटा-कांद्याचं जाडजूड ऑम्लेट. अंड्यासोबत बहुतेक वाइन फसतात, अंड्याचा बलक जिभेवर थर करतो आणि मग वाइन नुसती पातळ लागते. बुडबुडे आणि आंबटपणा तो थर धुऊन काढतात. वहिनी म्हणाली तोर्तियाचा घास आणि त्यावर ब्रुटचा घोट म्हणजे गरम भज्यावर लिंबू सोडा, आणि मला ते इतकं पटलं की आता मी सगळ्यांना तसंच समजावते.

दुसरी सोविन्यॉं ब्लॉं, नाशिकचीच पांढरी. हिला हिरव्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास असतो. ही मी झिंग्यांसाठी ठेवली होती. स्पेनमध्ये कोळंबी भरपूर लसूण आणि लाल मिरचीचा तुकडा घालून ऑलिव्ह ऑइलमध्ये करतात, मी भंडाऱ्याकडचे तलावातले झिंगे घेतले, आकाराने लहान पण चवीला जबरदस्त. गालिसियाच्या किनाऱ्यावर अशा वेळी आल्बारिन्यो नावाची पांढरी वाइन पितात, ती मिळाली तर घ्याच, पण इम्पोर्टेड म्हटलं की ड्युटीमुळे भाव कुठल्या कुठे जातो आणि सोविन्यॉं ब्लॉंने माझं काम अगदी छान झालं. एवढं मात्र करू नका, झिंगे किंवा मासे आणि रेड एकत्र. रेडमधल्या लोहामुळे तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते.

संत्र्याची कोशिंबीरही होती. ग्रानादाला संत्री, खारवलेला मासा, कांदा आणि काळे ऑलिव्ह अशी करतात, मी मासा गाळला आणि मृग बहाराची संत्री घातली, सोलून, पांढऱ्या शिरा काढून, वर फक्त मीठ आणि ऑलिव्ह ऑइल. इथे नियम सोपा, पदार्थ आंबट असेल तर वाइन निदान तितकी तरी आंबट हवी, नाहीतर वाइन बापुडी होऊन जाते. ब्रुटही चालली, सोविन्यॉं ब्लॉंही चालली.

आता जिथे चुकलं ते सांगते. पाताताज ब्रावास, म्हणजे तळलेले बटाटे आणि वर लाल तिखट सॉस. स्पेनमध्ये यात पिमेंतोन घालतात, एक प्रकारची लाल मिरची पूड, काही भागात ओकच्या धुरावर वाळवलेली, आणि तिखटपणा आपल्या हिशेबाने नावालाच. घरात ती नव्हती म्हणून मी गेल्या वर्षी पहिल्यांदा केलं तेव्हा भिवापुरी मिरची घातली. भिवापूरची मिरची कशी असते ते आपल्याला सांगायची गरज नाही! सोबत चांगली १४ टक्के अल्कोहोलची शिराझ, म्हणजे रेड, ओतली आणि पहिल्या घोटाला सगळ्यांचे चेहरे लाल. तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल असतं, आणि रेडच्या तुरटपणाने ती आग आणखी खरखरीत होते. बाटली वाईट नव्हती, जोडी वाईट होती.

यावेळी मी काश्मिरी मिरची घेतली, त्यात अगदी चिमूटभर भिवापुरी, आणि टोमॅटो आधी गॅसवर चांगला भाजला म्हणजे धुराचा वास आला. सोबत शेनिन ब्लॉं, हीसुद्धा पांढरीच. सुलाची शेनिन किंचित गोडसर असते, आणि तिखटावर हाच गोडवा कामी येतो, शिवाय अल्कोहोल बेताचं. जे लोक ड्राय वाइनला नाक मुरडतात त्यांनाही ही आवडते. आमच्या घरी सासूबाई अर्धा ग्लास घेतात तो हिचाच.

कोणीतरी विचारलंच, मग सावजी मटणासोबत कोणती? माझ्या मते कोणतीच नाही. सावजीसोबत गार पाणी आणि भाकरी.

रेड मी फक्त एकाच प्लेटसाठी ठेवली, मटणाचे कोफ्ते टोमॅटोच्या दाट रश्श्यात, तिकडे त्याला आल्बोंदिगास म्हणतात. टेम्प्रानियो हे रियोहाचं मुख्य द्राक्ष, ते आता नाशिककडेही लावतात, चारोसाची टेम्प्रानियो मी आधी एकदा घेतली होती आणि मला फार आवडली होती. यावेळी मिळाली नाही, मग अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेजे घेतली. द्राक्ष इटलीचं आहे, पण टोमॅटोसोबत इतकं कमी वाइनचं पटतं की मी स्पेनचा हट्ट सोडला. मटणातल्या प्रोटीनने आणि चरबीने रेडचा तुरटपणा मऊ होतो, म्हणून ही जोडी जमते आणि ब्रावासची जमत नाही. रियोहाच मिळाली तर बाटलीवर क्रियांसा लिहिलेली घ्या, ती निदान दोन वर्षं मुरवलेली असते. ग्रान रेसेर्वा निदान पाच वर्षांची, ती छोट्या प्लेट्सच्या गडबडीत वाया जाते, ती निवांत जेवणासाठी.

पण रेड गार करा! हे मी हात जोडून सांगते. रूम टेंपरेचरला रेड द्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ती रूम युरोपातली, १६ ते १८ डिग्रीची. मार्चमध्ये आमच्या गच्चीवर संध्याकाळी सातला ३० होतं. गरम रेडमध्ये नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग उघडायची. पांढऱ्या आणि स्पार्कलिंग तर दुपारपासूनच फ्रिजमध्ये, आणि वर आल्यावर बादलीत बर्फ आणि पाणी, नुसता बर्फ नाही, पाण्यामुळे बाटली सगळीकडून आणि लवकर गार होते.

गर्मीचा दुसरा फटका दुकानात बसतो. मागच्या मे महिन्यात मी एका दुकानातून महागाची एक इम्पोर्टेड पांढरी वाइन आणली, बाटली शोकेसमध्ये उभी होती, समोरून ऊन, एसी नाही. घरी आल्यावर बघते तर बूच काचेच्या वर सरकलेलं, आणि आत रंग तांबूस, वास शिजवलेल्या सफरचंदाचा. मला रडूच यायचं बाकी होतं. तेव्हापासून मी बूच वर आलंय का, झाकणाखाली चिकट आहे का ते आधी बघते, पांढरी असेल तर सगळ्यात नवीन साल मागते, आणि शक्यतो फ्रिजमधली बाटली घेते. मे-जूनमध्ये गाडीत बाटली ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही, सगळ्यात शेवटी वाइन घ्यायची आणि सरळ घरी.

ज्यांना वाइन फारशी आवडत नाही त्यांच्यासाठी मी तिंतो दे व्हेरानो केलं, नावाचा अर्थच उन्हाळ्याची रेड. अर्धी साधी रेड, अर्धा लिंबाचा सोडा, भरपूर बर्फ, वर संत्र्याची चकती. यासाठी भारी बाटली उघडू नका. आमच्या पाहुण्यांपैकी दोघांनी रात्रभर हेच घेतलं.

हिशेब म्हणाल तर एका बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. आम्हाला आठ जणांत दोन ब्रुट, एक सोविन्यॉं ब्लॉं, एक शेनिन, एक रेड, तिंतोसाठी एक साधी रेड आणि ती फिनो असं पुरलं, थोडं उरलंही. प्रत्येक प्लेटला वेगळी वाइन वाढायच्या भानगडीत मी पडले नाही, सगळ्या बाटल्या मध्ये ठेवल्या, कशासोबत काय ते एकदा सांगितलं आणि ज्याने त्याने आपापलं घेतलं.

फिनो मी सगळ्यात आधी वाढली, खारे बदाम आणि हिरव्या ऑलिव्हसोबत. वर्ध्याचे मामा आले होते, त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे त्यांना नागपूरला आलं की असं काही नवीन चाखायला मिळतं. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "अवं, हे तं इडलीच्या आंबलेल्या पिठासारखं वास देऊन राहिलं." मी आनंदाने उडालेच, कारण तो वास बरोबर फ्लोरचाच, त्या यीस्टच्या थराचा, आणि त्यांनी काहीही माहीत नसताना तो पकडला. मग म्हटलं मामा आता एक ऑलिव्ह खा आणि परत घोट घ्या. त्यांनी घेतला, थोडा वेळ गप्प बसले, आणि बदामाची वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

बाटलीत तळाला दोन बोटं उरली होती. फिनो उघडली की फ्रिजमध्ये आठवडाभरच चांगली राहते, म्हणून रविवारी संध्याकाळी मामा निघायच्या आधी आम्ही दोघांनी ती संपवली. ऑलिव्ह संपले होते, इतवारीतले खारे शेंगदाणे होते.