अर्नाळ्याच्या बेटावर जायचं तर आधी तिथी बघा

विरारच्या पश्चिमेला अर्नाळा आणि अर्नाळ्यासमोर समुद्रात, वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळा किल्ला. लोक त्याला किल्ला म्हणून बघायला जातात, पण ते आधी एक गाव आहे. तटाच्या भोवती कोळ्यांची वस्ती आहे, स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि जमिनीशी जोडणारा पूल नाही. गॅसचा सिलिंडर, शाळेचे मास्तर, बर्फाच्या लाद्या, लग्नाची वरात, सगळं होडीनेच. होडीचा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते चढताना आणि उतरताना. आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळी गेल्यामुळे.

पर्यटक रविवार बघून निघतो. बघायला हवी तिथी.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सरळ बारा धरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. एक भरती दिवसा आली की दुसरी साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. पाऊणपटीतला पाऊण तिथूनच आला. या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाची, कधी तासाभराची चूक गृहीत धरा. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते असतात. त्यातली मुंबईच्या अपोलो बंदरची वेळ घेतली तरी काम भागतं, अर्नाळ्याला थोडं पुढेमागे होईल इतकंच.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती चढतं आणि किती उतरतं. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी ओहोटी ते भरती चार मीटरचा फरक सहज पडतो. सप्तमी ते नवमीच्या आसपास भांग असते, तेव्हा हाच फरक निम्म्याहून कमी. भांगेत भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही, म्हणून होडीवाल्याला दिवसभर जवळपास सारखंच पाणी मिळतं. उधाणात मात्र सकाळी जिथे होडी लागली तिथे दुपारी चिखल दिसतो.

हे पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. सहा तासांच्या ओहोटीचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरच्या उधाणात पहिल्या तासात तेहतीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण दीड वीत. बघणाऱ्याला वाटतं, पाणी आहे तसंच आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र तासाला एकेक मीटर. "अजून अर्धा तास फोटो काढू" म्हणणारे याच दोन तासांत सापडतात.

मग जायचं कधी? लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर सप्तमी ते नवमी. दुपारी ओहोटी असली तरी भांगेची, होडी फार लांब थांबत नाही. सकाळी जाऊन दुपारच्या आत परतायचं असेल तर त्रयोदशी किंवा चतुर्दशी: भरती पावणेदहा ते साडेदहाच्या सुमाराला, साडेआठला होडीत बसा आणि साडेबाराच्या आत परत या. दुपारी निवांत फिरायचं असेल तर तृतीया-चतुर्थी. सकाळी आठ-नऊला पाणी तळाला असतं म्हणून तेव्हा पोचू नका, अकरानंतर निघा आणि चारच्या आत परता. टाळायची ती एकादशी-द्वादशी, दिवसभराचा बेत असेल तर. सकाळी झोकात पोचता, आणि परतायच्या वेळी, अडीच-तीनला, पाणी गेलेलं.

आणखी एक बारकावा. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. जोराचा पाऊस आणि उधाण एकत्र आलं की मुंबई भरदिवसा तुंबते, त्याचं एक कारण हेच. जून ते सप्टेंबर बेटावरची माणसं नाइलाजाने ये-जा करतात. तुम्हाला नाइलाज नाही, जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो.

त्या वाऱ्याचंही एक गणित आहे. दुपारनंतर वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो. ओहोटीत वैतरणेचं पाणी खाडीतून समुद्राकडे धावत असतं. वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लाटेची उंची फार नसते, पण एकीवरून उतरेपर्यंत दुसरी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आदळते आणि पुढे बसलेले भिजून निघतात. त्याच वाऱ्यात भरती चालू असेल तर समुद्र बराच शांत वाटतो. म्हणून कॅमेरा घेऊन नाळेशी बसायची हौस सकाळी भागवा, परतताना मागे, इंजिनाच्या बाजूला सरका.

विरार स्टेशनच्या पश्चिमेकडून अर्नाळ्याला बस आणि शेअर रिक्षा मिळतात. शेवटच्या थांब्यावरून कोळीवाड्यातून चालत किनाऱ्यावर. तिकीटखिडकी शोधू नका, पैसे होडीतच घेतात. भाडं बदलत राहतं, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. ही गावकऱ्यांची होडी आहे, पर्यटकांची फेरी नव्हे. बाजारहाट करून निघालेल्या बायका आणि शाळेची पोरं आधी, मग आपण. होडी भरली की सुटते.

चढायची रीत अशी. चपला-बूट हातात नकोत, पायात पट्टे असलेले फ्लोटर्स हवेत. साधी स्लीपर चिखलात रुतून बसते आणि अनवाणी पायाला कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. पँट गुडघ्यावर दुमडून ठेवा. बॅग आधी होडीतल्या माणसाच्या हातात द्या, पाठीवर घेऊन चढू नका. तोल जातो तो बॅगेमुळेच. लाट येऊन गेली की पुढच्या लाटेआधी पाय टाका, तो काठावर नव्हे, आतल्या फळीवर. काठावर वजन पडलं की होडी तुमच्या बाजूला कलते आणि समोरच्या बाजूच्या आजी वैतागतात, योग्यच वैतागतात. बसल्यावर बोटं काठाच्या बाहेर नकोत, शेजारच्या होडीशी घासताना चिरडतात. उतरताना तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सांगेपर्यंत उठू नका. नाळ वाळूला टेकली असं वाटतं, पण पुढच्या लाटेने होडी पुन्हा उचलली जाते, आणि उभा असलेला माणूस पाण्यात बसतो. लाइफ जॅकेट दिलं तर पट्टे आवळून घाला. गळ्यात नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

मध्येच इंजिन थांबलं तर कारण बहुधा दोनपैकी एक. पंख्यात जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक गुंडाळलं गेलेलं असतं, नाहीतर उथळ पाण्यात गाळ ओढला जाऊन इंजिनाला थंड करणारं पाणी बंद होतं आणि ते तापतं. दोन्हींवर तांडेलाकडे इलाज असतो: नांगर टाकायचा, पंखा वर घ्यायचा, साफ करायचा. तेवढा वेळ आपलं काम एकच, बसून राहणं. काय झालं ते बघायला सगळे एका बाजूला वाकले की साध्या बिघाडाचा अपघात होतो.

उतरल्या उतरल्या, पैसे देतानाच, शेवटची होडी किती वाजता ते विचारून घ्या. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: "दुपारी होडी कुठे लागेल?" पाणी उतरल्यावर जागा बदलते, आणि सकाळच्या जागी उभं राहून वाट बघणाऱ्याला ती लांबून जाताना दिसते.

किल्ल्याला तासभर पुरतो. वैतरणेच्या तोंडावर पहारा ठेवायचा म्हणून ही जागा. पोर्तुगीजांच्या ताब्यातून १७३७ मध्ये मराठ्यांनी ती घेतली, पुढे दोन वर्षांत चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. दरवाज्यावर मराठी शिलालेख आहे. त्यात बाजीरावांचं आणि बांधकाम करणाऱ्या बाजी तुळाजीचं नाव येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं चांगली उठतात. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, त्यासमोर अष्टकोनी पायऱ्यांचं तळं, आणि तटाच्या आत चक्क भाजीचे मळे. दक्षिणेकडे किल्ल्यापासून सुटा उभा असलेला एकटा बुरूज बहुतेक जण पाहत नाहीत, तो पाहा. नौदलाने १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला दाखल केलेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचं नाव 'आयएनएस अर्नाळा' आहे, ते याच किल्ल्यावरून.

खरा वेळ द्यावा तो गावाला. इथली मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे. मासा शोधत फिरायचं नाही, ओढच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत आणून टाकते. पाणी फिरायच्या आधी, ओढ मंदावते तेव्हा, जाळं उचलायचं. म्हणून इथला कामाचा दिवस घड्याळाप्रमाणे चालत नाही. आज पहाटे चारला निघालेली होडी चार दिवसांनी सातला निघते. कुणी कुठे खुंट रोवायचे हेही ठरलेलं असतं, त्या जागेला कव म्हणतात, आणि या जागांवरून गावागावांत पिढ्यांचे वाद आहेत. होडीत बसून तो विषय काढू नये.

ओढ जितकी जोराची तितकी डोल भरते, म्हणजे मासळी उधाणात. भांगेत ओढच नसते, होड्या किनाऱ्याला आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. तेव्हा बोंबलांनी भरलेल्या वलांडी, म्हणजे मासळी वाळवायचे दोऱ्यांचे सांगाडे, बघायच्या असतील तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस गाठा. निवांत बोलायचं, जाळं कसं विणतात ते बघायचं तर भांग. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा दोन्ही नाही.

बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. म्हणून तो टिकत नाही आणि म्हणूनच तो सुकवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीच्या दोरीवर टाकायची. दात वाकडे असल्याने सुटत नाही. ऊन आणि कोरडा वारा असेल तर तीन-चार दिवस. ढग आले की लांबतं आणि अवकाळी पावसाची एक सर आली की सगळा माल कोंबड्यांच्या खाद्याच्या भावात जातो. जवळा जमिनीवर पसरतात. वाळूत गुलाबीसर पट्टा दिसला तर तो कुणाचा तरी माल आहे, त्यावरून चालत जाऊ नका. पसरलेलं जाळंही ओलांडू नका, वळसा घ्या. बायका काम करत असताना विचारल्याशिवाय फोटो नको. इतकं पाळलं तर घरात बोलावून पाणी देतील.

हॉटेल धरून चालू नका. माणशी दोन लिटर पाणी आणि खाणं बरोबर न्या, कचरा परत आणा. बेटाची पश्चिम बाजू समुद्र खात चालला आहे, किनाऱ्याची धूप हे इथलं जुनं दुखणं. तिथल्या दगडांच्या ढिगाऱ्यांवर चढू नका, खालची वाळू गेलेली असते.

सुकी मासळी घ्यायची तर बोंबील मोडून बघा. नीट वाळलेला कडकन तुटतो. वाकला तर ओल आहे. रंग पिवळसर हवा, तांबूस छटा आली असेल तर सोडा. जवळा मूठभर घेऊन तळहातावर चोळा, खाली वाळू किती उरते ते कळेल. भाव किलोवर की शेकड्यावर, हे आधी विचारा. घरी आल्यावर एक ऊन द्या आणि हवाबंद डब्यात भरा.

परतीच्या वाटेवर आगाशीला उतरलात तर सुकेळी मिळतात, राजेळी केळी सुकवून केलेली. फक्त ती बोंबलाच्या पिशवीत ठेवू नका. बोंबलाला वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर प्लास्टिकच्या दोन पिशव्या, तोंड दोऱ्याने घट्ट. विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये संध्याकाळी बसायला जागा मिळते, आणि एकच पिशवी वापरली असेल तर शेजारची जागा रिकामीच राहते.